सलीलच्या फाटकाशी

पाजेरो परकारची. एसी फक्त पुढच्यांना.
मागे मी आणि सोनटक्के, मधे डबा:
डाबरेच्या बायकोनं दिलेली सुक्या बोंबलाची चटणी,
खुबूस, चार काकड्या, मीठ कागदाच्या पुडीत.

रुवीतून निघालो तेव्हा अंधारच होता.
परकार नमाज उरकून आला, दाढी अजून ओली,
म्हणाला, "बसा बसा,
ऊन चढायच्या आत इब्रा गाठू."

ट्रिप सोनटक्केसाठी होती.
गुरुवारी त्याचा व्हिसा रद्द होणार होता.
कंपनीनं बारा वर्षांचा हिशेब एका पानावर दिला,
त्यातही खालचं अर्धं पान कोरं.

आणि बारा वर्षं त्यानं आम्हाला ताडोबा ऐकवला होता.
वरच्या बंकवरून, दिवे गेल्यावर:
"अबे, हे काय डोंगर हायेत? झाड नाही एक बी.
आमच्या ताडोब्यात वाघ रस्त्यातच बसून राह्यते,
हॉर्न नाही वाजवाचा, गपचूप थांबाचं.
उठला की शेपटी अशी टाकते, जशी मालकानं छडी."
आम्ही हसायचो. झोपायचो. कधीकधी वाघ स्वप्नातही यायचा,
अरबी नंबरप्लेटच्या गाड्या अडवून.

म्हणून ठरवलं, जायच्या आधी
ह्याला इथलं रान दाखवायचं.
नकाशावर एक हिरवा ठिपका होता: सलील राष्ट्रीय उद्यान.
"सलील म्हणजे पाणी ना रे?" डाबरे म्हणाला.
अडीचशे किलोमीटर आम्ही त्या शब्दाच्या भरवशावर गेलो.

पाणी नव्हतं.
कुंपण होतं, फाटक होतं, फाटकाला कुलूप.
रखवालदार म्हातारा, कुम्मा नीट बसवत बाहेर आला.
परकारनं अरबीत अजीजी केली, मग हिंदीत, मग हातांनी.
परवाना कचेरीत मिळतो. कचेरी रविवारी उघडते.
आज शुक्रवार.
म्हाताऱ्याला आमच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.
त्यानं चटई टाकली, खजूर आणला,
वेलचीचा कहवा बोटभर कपांत,
कप हलवेपर्यंत ओतत राहिला.

वर झाड होतं. तो म्हणाला, गाफ.
मी पान चुरगाळलं, काटा टोचून घेतला
आणि ओळखलं: ही तर शमी!
बारा वर्षं वनवास, मग शस्त्रं हिच्या ढोलीत.
आमचे पासपोर्ट पहिली काही वर्षं
मस्कतमधल्या एका तिजोरीत होते.
हे मी मोठ्यानं बोललो नाही. दसऱ्याला अजून वेळ होता.

सोनटक्के कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून उभा होता.
पाठमोराच म्हणाला,
"मी नाही गेलो कधी आत."
कुठे आत?
"ताडोब्यात. बापाची टपरी होती मोहर्लीच्या फाटकाभायेर.
जिप्शा परत याच्या, लोक चहा पीत सांगाचे
वाघ कसा बसला, कसा उठला.
मी गिलास इसळत ऐकत राहो.
आत जाचे पैसे कोणाजवळ होते?"

कोणी काही बोललं नाही.
डाबरेनं काकडी सोलायला घेतली, फार सावकाश.
परकार म्हणाला, "शेपटीचा तां पण ऐकलेला?"
"शेपटीचं माझं हाय," सोनटक्के म्हणाला. "तेवढं माझं."

परतताना, फाटकापासून मैलभर, कचऱ्याच्या पिंपाजवळ
हरीण.
कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला, आमच्या बाजूला,
तोंडात बिस्किटाचा पुडा.
परकारनं इंजिन बंद केलं, सांगावं लागलं नाही.
ते बघत राहिलं, आम्ही बघत राहिलो,
एसी नाही, काचा खाली, चौघांचा घाम.
मग त्यानं पुडा टाकला आणि गेलं,
धावत नाही, चालत.
सोनटक्के पुटपुटला, "शेपटी पाह्यली का बे? पाह्यली का?"
आखूड, काळी. सारखी हलत होती.

तो गेला त्या गुरुवारीच.
पाजेरोतल्या मागच्या पायपुसण्यात एक काटा अजून आहे,
त्याच्या चपलेतून पडलेला असणार.
परकार गाडी धुतो, तेवढी जागा सोडतो.